पाम्प्यॉन्जी : रात्री लिहिलेलं पत्र

गोदाकाठ
सोमवार, रात्री ११:५२

मंडळी, आधीच सांगून टाकतो, कोरियन गाण्यांशी माझा संबंध शून्य. वय ५६, कानाला सवय रेडिओची. घरात कोरियन काही वाजायचं ते लेकीच्या खोलीचं दार बंद असताना, आणि आम्ही दोघं नवराबायको त्याला 'धडधड' म्हणायचो.

लेक आता दोन वर्षं तेजॉनला आहे, पीएचडीसाठी. तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. म्हणजे इथे मी अकराला दूध पिऊन कडीकुलूप करतो तेव्हा तिथे रात्रीचे अडीच. गेल्या महिन्यात अशाच एका अकरा वाजता तिचा मेसेज आला : "बाबा, हे ऐका." बास. खाली लिंक. ना मागे काही, ना पुढे.

कुणा आययू नावाच्या कोरियन गायिकेचं गाणं. अंथरुणात पडूनच लावलं. गिटारवर बोटं फिरतायत आणि एक मुलगी अगदी कानाशी येऊन, शेजारी कुणी झोपलंय म्हणून हळू बोलावं तशी गातेय. मी वाट बघत राहिलो, आता सुरू होईल, आता ढोल येईल, आता ही वरचा सूर लावेल. आणि गाणं संपलं. माझंच काही चुकलं असेल म्हणून परत लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी, आणि शब्द एकही कळलेला नाही! बायको म्हणाली, "काय झालं हो?" म्हटलं, "काही नाही, मोबाईलचा उजेड डोळ्यांवर येतोय."

दुसऱ्या दिवशी अर्थ शोधून वाचला. तुझ्या खिडकीशी एक काजवा पाठवते, तुला चांगलं स्वप्न पडू दे, असं काहीसं आहे. तेव्हापासून दोन गोष्टी डोक्यात घोळतायत. भाषा न कळता हे पोचलं कसं? आणि माझी लेक रात्री अडीचला जागी का असते, हे तिला विचारावं का?

मोगरावेडी
मंगळवार, रात्री १२:०८

काकाऽऽऽ! आययूवर धागा, तोही इथे! उद्या सूर्य त्र्यंबकेश्वराच्या मागून उगवणार.

गाण्याचं कोरियन नाव 'पाम्प्यॉन्जी'. पाम म्हणजे रात्र, प्यॉन्जी म्हणजे पत्र. इंग्रजी नाव 'थ्रू द नाइट' ठेवलंय, त्यात रात्र राहिली आणि पत्र गळालं. २४ मार्च २०१७ ला हे एकटंच आलं, 'पॅलेट' हा अल्बम महिन्याभराने, २१ एप्रिलला. चाल किम जे-ह्वी आणि किम ही-वॉन यांची, शब्द तिचे स्वतःचे. तेव्हा ती चोविशीतही नव्हती. तिचं खरं नाव ली जी-उन. 'आययू' म्हणजे आय आणि यू, मी आणि तू.

तुमच्या लेकीची निवड उत्तम आहे. रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), 'धडधड'बद्दल मात्र निषेध.

टवाळभैरव
मंगळवार, सकाळी ७:४०

आली का ही साथ इथेही?

काका, तुमच्या भावनांचा आदर आहे, पण के-पॉप (कोरियन पॉप) म्हणजे कारखाना. कोवळी पोरं उचलायची, वर्षानुवर्षं नाच शिकवायचा, चेहरे घासूनपुसून घ्यायचे, आणि मग माल बाजारात. हळवेपणाही तिथे मोजूनमापून भरतात. गिटार एक चमचा, कुजबुज दोन चमचे, वरून काजवा. पॅकेटमधला आमरस आहे तो. गोड लागतो, नाही कोण म्हणतं?

बाकी चालू द्या.

मोगरावेडी
मंगळवार, सकाळी ८:०२

@टवाळभैरव, कारखाना आहे हे मान्य, आणि ती त्याच कारखान्यातून आली हेही मान्य. २००८ साली, पंधराव्या वर्षी. पण हे ऐका : २०१० मध्ये तिचं 'गुड डे' आलं. त्याच्या शेवटी ती एकाच दमात तीन पायऱ्या चढत वर जाते. अख्ख्या कोरियात पोरंटोरं ते तीन सूर लावून बघत होती, त्याच्यावरच तिचं नाव झालं. कारखान्याचं गणित चालवायचं असतं तर पुढची वीस वर्षं तिने तेच विकलं असतं. ज्या बाईला एवढं वर जाता येतं हे सगळ्या देशाला ठाऊक आहे, तिने सात वर्षांनी असं गाणं काढायचं ज्यात एकदाही जीव तोडून ओरडायचं नाही, आणि ते कोरियाच्या गाऑन चार्टवर, म्हणजे गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत, पहिलं यायचं. हा आमरस मला तरी पाटावर बसून हाताने काढलेला वाटतो.

चाकणची_दुभाषी
मंगळवार, सकाळी ९:१४

कंपनीच्या बसमधून टंकतेय, चूकभूल द्यावीघ्यावी. मी कोरियनची दुभाषी आहे. दिवसभर डोक्यात बोल्ट आणि टॉर्क, त्यामुळे असा धागा दिसला की बरं वाटतं.

गोदाकाठ, भाषा न कळता कसं पोचलं ते मला नाही सांगता यायचं. भाषा कळल्यावर काय दिसतं ते सांगते.

कोरियन वाक्याची ठेवण आपल्यासारखीच. क्रियापद शेवटी. त्यामुळे बोलणाऱ्याच्या मनात काय आहे हे कळायला वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं. या गाण्यात त्या थांबण्यावरच सगळं उभं आहे. काजवा, तुझी खिडकी, पाठवते, एवढं सगळं सांगून झालं की मग एक छोटीशी ओळ येते : 'सारांगहान्दानुन मारिएयो'. सगळीकडे त्याचं भाषांतर 'आय लव्ह यू' केलेलं दिसेल, पण ते फार धीट झालं. 'मारिएयो' हे आपल्या 'म्हणजे'च्या जवळचं आहे. "म्हणजे... प्रेम आहे, असं म्हणायचंय." आधी काजव्याची गोष्ट सांगितली, समोरच्याला कळलं की नाही कोण जाणे, म्हणून मग मान खाली घालून अर्थ फोडून सांगितला. मराठीत तरी आपण 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं सरळ कुठे म्हणतो? नाटकात म्हणतो.

दुसरं, 'पाठवते' साठी तिने जे रूप वापरलंय, 'पोनेल्केयो', त्यात ऐकणाऱ्याला दिलेला शब्द आहे. 'पाठवीन' नाही होत त्याचं. 'पाठवते हं' होतं. तो 'हं' काढला तर गाणं कोसळेल.

तिसरं, गाण्याच्या मुख्य ओळी '-यो'वर संपणाऱ्या आदबशीर बोलीत आहेत. इतकं जवळचं माणूस, आठवणीत पहिलं चुंबन आहे, तरी अरेतुरे नाही.

आणि खिडकी कुणाची, तर 'तांगशिन'ची. हा शब्द म्हणजे सुतळी बॉम्ब आहे. गाण्यात, कवितेत, नवराबायकोत गोड. अनोळखी माणसाला तोंडावर म्हटला की भांडण. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी, गाण्यांतून शिकलेली शहाणी, एका कोरियन साहेबांना मीटिंगमध्ये मोठ्या अदबीने 'तांगशिन' म्हणाले. खोलीत जी शांतता पसरली ती अजून ऐकू येते मला. शेवटी साहेबच हसले. म्हणाले, "मला असं फक्त बायको म्हणते, तेही चिडली की."

गेट आलं. संध्याकाळी लिहिते.

षड्जपंचम
मंगळवार, दुपारी ३:२५

दुभाषीताई, दंडवत घ्या. वाखु (वाचनखूण) साठवली.

मी गाणं शिकवते, म्हणून गळ्याच्या बाजूने थोडं. हळू गाणं सोपं असतं हा फार मोठा गैरसमज आहे. आवाज असा हवेशीर करायचा तर स्वरतंतू पुरते मिटू द्यायचे नाहीत, फटीतून हवा निसटू द्यायची. म्हणजे खर्च दुप्पट. श्वास भराभर संपतो, सूर खाली घसरायला टपलेला असतो, आणि शब्दाची धार जाते. माझ्या विद्यार्थिनी 'भाव' आणायला गेल्या की नेमकं हेच होतं, सगळं पिठूळ.

कोरियात यावर एक वाक्य फार गाजलेलं आहे : 'अर्धी हवा, अर्धा आवाज'. पार्क जिन-यंग नावाचे निर्माते गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून ते इतक्यांदा म्हणाले की लोक नकला करायला लागले. या गाण्यात मात्र ते प्रमाण ओळीओळीला बदलतं. सुरुवातीला हवा जास्त, जवळजवळ बोलणंच. ध्रुवपदात सूर वर जातात पण आवाज मोठा होत नाही. गोदाकाठ, तुम्ही 'आता वर जाईल' म्हणून वाट बघत होतात ना? ती वर गेली होती. तुम्हाला कळू दिलं नाही.

आणि हो, हे सगळं माइकमुळे. समोरासमोर बसून कुणी असं गायलं तर तिसऱ्या रांगेत काही पोचणार नाही. माइक ओठांशी असतो म्हणून ऐकणाऱ्याचा कान ओठांशी जातो. इतक्या जवळून आपल्याशी बोलणारी माणसं आयुष्यात तीनचारच असतात, म्हणून मेंदू फसतो आणि हेही त्यांतलंच कुणी समजतो. हे माझं मत, शास्त्र नव्हे.

नीटनेटका
मंगळवार, सायं. ६:५०

एक बारीकशी दुरुस्ती. गोदाकाठ यांच्या लेखावरून ही अंगाई आहे असा समज होईल. हे प्रेमगीत आहे. दुभाषीताईंनी उल्लेख केलेलं पहिलं चुंबन दुसऱ्याच कडव्यात वगैरे नाही, अगदी सुरुवातीलाच येतं. बापलेकीच्या संदर्भात ऐकताना हे ध्यानात असावं इतकंच.

गोदाकाठ
बुधवार, रात्री २:४१

@नीटनेटका, ते मला भाषांतरात दिसलं होतं. सोयीस्करपणे गाळलं. :)

पण खरं सांगू? गाणं कुणी कुणाला लिहिलंय हे गाणाऱ्याचं. ऐकणाऱ्याने ते कुठल्या खिडकीशी न्यायचं हे त्याचं. आमच्या आळीत एक आजोबा गौळणी म्हणताना नातीला मांडीवर घेऊन बसायचे, त्यांना कुणी विचारलं नाही की ही गौळण नक्की कुणाला उद्देशून आहे.

षड्जपंचम, तुमचं 'कळू दिलं नाही' वाचून परत ऐकलं. खरंच की हो.

रानवाटा
बुधवार, सकाळी १०:३०

'काजवा' शब्द शोधात दिसला म्हणून आलो, आलो तो इथे कोरिया! असो. मी अकोल्याकडचा (नगरचं अकोले. विदर्भातलं नव्हे, दर वेळी सांगावं लागतं).

आमच्याकडे भंडारदरा, घाटघरच्या बाजूला मे संपता संपता काजवे येतात, पाऊस धरेपर्यंत असतात. हिरडा, सादडा, जांभूळ, ठरावीक झाडांवर लाखांनी. अख्खं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं. आता गाण्याशी संबंध काय, तर काजव्याचा उजेड ही हाक असते. नर उडता उडता लुकलुकत विचारतो, आवडलं तर मादी बसल्या जागेवरून लुकलुकून उत्तर देते. त्या उजेडात ऊब जवळपास नसतेच, सगळी ताकद प्रकाशात जाते. आणि पंख फुटल्यावर आयुष्य जेमतेम दोनतीन आठवड्यांचं, त्यातल्या रात्रीही मोजक्याच. त्यामुळे पत्र म्हणून काजवा पाठवायची कल्पना मला हळवी कमी आणि अचूक जास्त वाटली. काजवा पत्रच असतो.

कोरियातही काजव्याचं प्रस्थ आहे. मुजू नावाच्या डोंगराळ भागात काजव्यांच्या अधिवासाला १९८२ पासून राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण आहे. गंमत अशी की त्यात काजव्यांबरोबर त्यांच्या अळ्या ज्या गोगलगाई खातात त्यांनाही संरक्षण दिलंय. आमच्याकडे लोक गाडीचे हेडलाइट लावून काजवे बघायला येतात. त्यावर वेगळा धागा काढीन, इथे टंकायचा कंटाळा आलाय.

चाकणची_दुभाषी
बुधवार, सायं. ७:१५

रानवाटा, क्या बात! यात माझी भर : गाण्यात नुसता काजवा नाहीये. 'त्या दिवसाचा काजवा' आहे. कुनारे पान्दित्पुल. म्हणजे कधीतरी दोघांनी मिळून काजवे बघितले असणार. कुठे, कधी, काही सांगत नाही ती. तुम्हाला नाही सांगत, कारण पत्र तुम्हाला नाहीये. ज्याला आहे त्याला 'त्या दिवशी' म्हटलं की पुरे. कुणाचं तरी पत्र चुकून आपल्या हातात पडलंय असं ऐकताना वाटतं ते यामुळे, असं आपलं मला वाटतं.

पुढे वाळूवरच्या अक्षरांची उपमा आहे, लाट येऊन गेली तिथे लिहिलेली. तू तसा लांब निघून जाशील असं वाटतं म्हणून सारखी आठवण येते, असं. ती उपमा माझ्या मते जरा झिजलेली आहे. पण पुन्हा लगेच सावरते : वहीत लिहिलेलं सगळं काही काढून तुला देता येणार नाही, पण... आणि मग तीच 'म्हणजे'वाली ओळ.

अवांतर : कोरियन लोकही फोनवर पहिलं 'जेवलास का' विचारतात. 'पाप मोगोस्सो?' पाप म्हणजे भात, जेवण. ऐकताना अगदी 'बाप' ऐकू येतं. आणि रात्री ठेवताना 'चाल चा', नीट झोप. बाकी जे काय ते या दोन वाक्यांच्या पोटात असतं.

गोदाकाठ
गुरुवार, रात्री २:५५

कोरियनमध्ये 'बाप' म्हणजे भात, हे वाचून दाखवल्यापासून बायको हसतेय. "कुकरला बाप लावते" असं दोनदा म्हणून झालंय.

जुनी_तबकडी
गुरुवार, सकाळी ११:२०

उशिरा आलो. टवाळभैरवांच्या कारखान्याला उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

कोरियात 'पाल्लादु' म्हणजे संथ चालीचं, मुख्यतः प्रेमाचं गाणं. आज बाहेर ज्याला के-पॉप म्हणतात त्याच्या आधीपासून ही परंपरा आहे. ऐंशीच्या दशकात तिला वळण लावणाऱ्यांत एक यू जे-हा. हान्यांग विद्यापीठात रीतसर संगीतरचना शिकलेला पोरगा. शब्द त्याचे, चाल त्याची, वाद्यमेळ त्याचा, आवाज त्याचाच. १९८७ च्या ऑगस्टमध्ये एकुलता एक अल्बम आला आणि १ नोव्हेंबरला, पंचविसाव्या वर्षी तो मोटार अपघातात गेला. जिवंतपणी लोकांनी नाकं मुरडली होती, आवाज कच्चा आहे म्हणत. आता त्या अल्बमशिवाय कोरियन पाल्लादुचा इतिहास सांगता येत नाही. १९८९ पासून त्याच्या नावाने नव्या गीतकार-संगीतकारांची स्पर्धा भरते. बीटीएस हा गट ज्यांनी घडवला ते बांग शी-ह्यॉक याच स्पर्धेत बक्षीस मिळवलेले. म्हणजे कारखान्याच्या पायातही एका एकट्या हळव्या मुलाची वही पुरलेली आहे.

आययू या वाटेवर आपणहून परत गेली. २०१४ मध्ये तिने जुनी गाणी नव्याने गाऊन एक संच काढला. नाव 'कोत्काल्पी', पुस्तकात खुणेला ठेवलेलं फूल. आपण पिंपळपान ठेवायचो तसं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे हे गाणं आलं त्याच वर्षी, दुसरा भाग काढला. आईबापांच्या पिढीची गाणी तिने ज्या आपुलकीने गायली त्यामुळे कोरियात तिला आज्या-मावश्याही ऐकतात. रात्रीच्या पत्राला तो जुना वास आहे, गोदाकाठांना तो आला असणार. रेडिओवर वाढलेल्या माणसाला भाषा लागत नाही यासाठी.

आपल्याकडे गजाननराव वाटवे गणेशोत्सवात चौकात पेटी घेऊन बसायचे आणि हजारो माणसं रस्त्यावर बसून भावगीत ऐकायची. एवढा जमाव गप्प बसवायला आवाज चढवावा लागत नसे. उतरवावा लागे.

निशाचर७१
शुक्रवार, रात्री १:३७

सगळं वाचलं. माझ्याकडे या गाण्याबद्दल बोलायला वेगळं कारण आहे : मला बारा वर्षं निद्रानाश आहे.

आययूलाही आहे, तिने ते कधी लपवलेलं नाही. तिनेच सांगितलंय की आपल्याला झोप येत नसताना दुसऱ्याला 'नीट झोप' म्हणणं ही तिच्या लेखी प्रेमाची सगळ्यांत मोठी कबुली आहे. ज्यांना पडल्या पडल्या झोप लागते त्यांना हे गोड वाटेल. आमच्यासाठी ते गोड नाही. रात्री तीनला शेजारी कुणी घोरत असलं ना, तर प्रेम वगैरे राहतं बाजूला, हेवा वाटतो. राग येतो. स्वतःच्या माणसाचा. तो राग ओलांडून 'तुला तरी लागू दे' इथपर्यंत यायला मला काही वर्षं लागली. या पोरीने ते चार मिनिटांत बसवलंय आणि कुठेही स्वतःची कीव केलेली नाही. मला झोप नाही, हे ती धड सांगतसुद्धा नाही. काजवा पाठवणारी रात्री जागी आहे एवढ्यावरून तुम्ही ओळखायचं.

आणखी एक. या गाण्याला जानेवारी २०१८ मध्ये गोल्डन डिस्कचा वर्षातला मोठा पुरस्कार मिळाला. त्याआधी तीनेक आठवड्यांपूर्वीच शायनी या गायकांच्या गटातला जाँगह्यॉन गेला होता, सत्ताविसाव्या वर्षी. तिचा मित्र, तिच्यासाठी गाणंही लिहिलेलं. पुरस्कार घेताना ती त्याच्याबद्दल बोलली. दुसऱ्यांना धीर देणं हे ज्यांचं काम, त्यांनी आधी स्वतःकडे बघावं, दुखतंय ते झाकून झाकून आणखी आजारी पडू नये, अशा अर्थाचं. मी ते भाषण गाण्यापेक्षा जास्त वेळा ऐकलंय.

लोक विचारतात, याने झोप लागते का. नाही लागत. जागं असण्याचा राग कमी होतो.

रच्याकने, गोदाकाठ, रात्री २:४१ आणि २:५५ ला प्रतिसाद? आमच्या पंथातले की काय?

गोदाकाठ
शुक्रवार, रात्री ३:०२

छे छे, पाणी प्यायला उठलो होतो.

मोगरावेडी
शुक्रवार, सकाळी ८:४५

निशाचर, काय लिहिलंत. ते भाषण मी तेव्हा बघितलं होतं, इथे लिहायचा धीर झाला नव्हता.

टवाळभैरव
शनिवार, दुपारी १:१०

ऐकलं शेवटी. एकदा. माझं मत बदललेलं नाही, के-पॉप कारखानाच आहे.

पण एक नोंद करतो. आई ८१ वर्षांची, कानाला यंत्र. मी लावलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. अर्ध्यावर थांबली आणि म्हणाली, "कोण रे ही? कुणाला थोपटतेय?" हा शब्द तुमच्या एवढ्या चर्चेत कुणाला सुचला नाही म्हणून लिहिला.

पॅकेटमधल्या आमरसातही थोडा आंबा असतो म्हणा.

षड्जपंचम
शनिवार, दुपारी १:३२

थोपटतेय! आईंना माझा नमस्कार सांगा. गिटारची बोटं ऐका आता, लय थोपटण्याचीच आहे. इतके दिवस गळ्याकडेच बघत होते मी.

नीटनेटका
शनिवार, दुपारी २:०५

थोपटणं प्रियकरालाही लागू होतं, एवढंच नमूद करून मी माझा मुद्दा मागे घेतो.

गोदाकाठ
रविवार, रात्री १०:१५

मंडळी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल होता. इकडचं तिकडचं झालं, जेवलीस का झालं (दुभाषीताई, 'पाप मोगोस्सो' म्हणून बघितलं, ती खुर्चीवरून पडायची बाकी होती). मग धीर करून विचारलं, "तुला रात्री झोप लागत नाही का गं?"

ती म्हणाली, "मला? लॅबमध्ये रात्रभर प्रयोग चालवायचा असला की जागते, महिन्यातून दोनदा. त्या दिवशी तेच होतं. एरवी एकला ढाराढूर."

"मग ते गाणं?"

"ते तुमच्यासाठी पाठवलं होतं बाबा. मी साडेसहाला उठते तेव्हा तिकडे पहाटेचे तीन असतात, आणि तुम्ही ऑनलाइन असता. रोज. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, पाणी प्यायला उठलो होतो."

मी काय बोलणार? बायको मागे उभी होती, ती ओट्याकडे निघून गेली.

का जागा असतो ते इथे लिहीत नाही. लेकीला सांगितलं, बराच वेळ. निशाचर, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, चालेल ना?

सगळ्यांचे आभार. विशेष आभार टवाळभैरवांच्या आईंचे.

निशाचर७१
रविवार, रात्री १०:२१

चालेल काय, वाटच बघतोय. पण आज नको. उद्या दिवसा करा.

चाकणची_दुभाषी
रविवार, रात्री १०:२४

गोदाकाठ, चाल चायो. ('यो' लावला की आदब येते हं.)

सहा_तारा
सोमवार, सकाळी ७:५५

मस्त धागा, आजच सगळा वाचला. गिटार नुकतीच शिकतोय. याचे कॉर्ड्स कुणाकडे आहेत का? आणि नुसत्या बोटांनीच वाजवायचं की प्लेक्ट्रम चालेल?